एकशे दहा अंशांची गिरणी

आमच्या नागपूरच्या घरातल्या मधल्या खोलीला आई ‘गिरणी’ म्हणायची. दळण वगैरे काही नव्हतं. अँगलपट्ट्यांच्या मांडणीवर दोन ग्राफिक्स कार्डं टांगलेली होती आणि ती रात्रंदिवस इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करत होती. पण पंख्यांची एकसुरी घरघर, दार उघडताच अंगावर येणारी कोरडी ऊब आणि पात्यांवर बसणारी पिठासारखी धूळ पाहिली, की आईनं ठेवलेलं नाव चपखल वाटायचं.

जानेवारी २०२१ मध्ये हे सुरू केलं तेव्हा ती ऊब सगळ्यांना हवीशी होती. थंडीच्या रात्री आई मुद्दाम त्या खोलीत जप करायला बसायची. स्क्रीनवर कार्डाचं तापमान ५८ अंश दिसायचं आणि मीही निर्धास्त असायचो. खटकायची एकच गोष्ट. सकाळी सेकंदाला ९८ मेगाहॅशचा वेग देणारं कार्ड दुपारपर्यंत ८४ वर यायचं. बंद करून पुन्हा सुरू केलं की परत ९८, आणि थोड्या वेळानं परत तेच.

त्याच सुमारास एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये मेमरीच्या चिपचं तापमान वेगळं दिसू लागलं. मी तो आकडा पाहिला आणि खुर्चीत सरळ बसलो. ११० अंश. या मेमरीची ती लक्ष्मणरेषा. तिथं पोचलं की कार्ड स्वतःच वेग आवरतं. म्हणजे महिनाभर मी भलत्याच माणसाचा ताप मोजत होतो.

इथेरियमचं तेव्हाचं गणित मेंदूपेक्षा स्मरणशक्तीची परीक्षा घेणारं होतं. चार जीबीहून मोठा एक तक्ता कार्डाच्या मेमरीत ठेवायचा आणि प्रत्येक प्रयत्नाला त्यातली इतस्ततः विखुरलेली ६४ ठिकाणं उघडून वाचायची. त्यामुळे मधला मुख्य प्रोसेसर बराच वेळ मेमरीची वाट बघत बसतो आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या मेमरीच्या दहा चिपा ऊर फुटेस्तोवर पळतात. पंखे मात्र मुख्य प्रोसेसरचा ताप पाहून फिरतात. तो ५८ वर सुखात, म्हणून पंखेही सुखात.

पहिला उपाय सोपा होता. पंखे आपोआप न ठेवता ७५ टक्क्यांवर बांधून टाकले. दोन कार्डांमधलं अंतर दोन बोटांवरून वीतभर केलं, कारण एकाची सोडलेली गरम हवा दुसरं ओढत होतं. आकडा १०६ वर आला. मग मार्च उजाडला आणि तो पुन्हा ११० ला जाऊन टेकला.

इथं एक साधा हिशेब कळला. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक एक ठरावीक चढ. वॅट आणि पंखे तेच असतील तर तो चढ फारसा बदलत नाही. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळजवळ तितकंच तापणार. आणि खोली तापवत होतो मीच. प्रत्येकी ३२० वॅटची दोन कार्डं आणि बाकीचा पसारा धरून साडेसातशे वॅट. इस्त्री चालू करून खोलीत चोवीस तास उभी ठेवावी, तसा प्रकार. कार्डात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. नाण्यांसोबत पेटीत काही जात नाही.

मग खिडकीत बारा इंची एक्झॉस्ट बसवला. खोली निवली, पण चारच दिवसांत शेजारच्या काकू दारात. “काहून रे, तुमच्या खिडकीतून एवढी झळ कशाची येते? माझ्या गॅलरीत उभं राहवत नाही.” मी खालमानेनं पत्र्याचा एक तिरपा पडदा लावून झळ वर वळवली. माझी उष्णता संपली नव्हती. मी ती फक्त काकूंच्या दारात नेऊन टाकली होती.

मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, नागपूरकराला सुचतं तेच सुचलं. कूलर. ताट्या ओल्या केल्या आणि झोत थेट कार्डांवर सोडला. बाहेरच्या भट्टीतून आत येणारी हवा तिशीच्या आत. आकडे भराभर उतरले. गरम भागावर दमट हवेचं पाणी जमत नाही, हे खरं. पण कूलर नुसती हवा फेकत नाही, बारीक तुषारही उडवतो. आठवड्यानं पाहिलं तर कार्डाच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर क्षारांचे पांढरे ठिपके, नळाखालच्या बादलीवर असतात तसे. हेच पाणी चालू बोर्डावर पडलं असतं तर? कूलर त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत हलवला. हवा दारातून आत, कार्डांवरून पुढे, एक्झॉस्टमधून बाहेर असा वाहता रस्ता केला. थोडा गारवा गेला, झोप परत आली.

तरी दुपारी आकडा १०६ च्या खाली येईना. आता कार्ड उघडणं आलं.

मेमरीची चिप आणि वरचा उष्णता ओढणारा धातू यांच्यामध्ये फट असते. ती भरायला थर्मल पॅड असतो. हवा उष्णतेच्या बाबतीत फार आळशी. तिची वाहकता ०.०२६, चांगल्या पॅडची १२ च्या आसपास आणि तांब्याची सुमारे ४००. म्हणजे उत्तमातला पॅडही तांब्यापुढे मठ्ठच. त्याचं काम एवढंच, की हवेला मध्ये बसू द्यायचं नाही.

सीताबर्डीच्या बाजारात दुकानदार म्हणाला, “भाऊ, दोन एमएमचा न्या, जाड असला की बरं.” मी नेला.

ओट्यावर पंचा अंथरून कार्ड पालथं घातलं. हेअर ड्रायरनं थोडं गरम केलं, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत काढले. पंख्यांच्या वायरी नखानं सोडवल्या. कार्ड हलक्या हातानं पिळल्यासारखं करताच ‘चट्’ करून दोन भाग झाले. जुने पॅड तेलकट आणि भुसभुशीत होते, दोनांवर तर चिपेचा ठसाच नीट उमटलेला नव्हता. तिथं इतके दिवस हवाच बसली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं एकेक चिप पुसली. नवा पॅड हाताला खरवसासारखा लागतो. ताणला की तुटतो, दाबला की ठसा धरतो. वड्या पाडतात तशा त्याच्या पट्ट्या कापून दहाही चिपांवर ठेवल्या, मधल्या प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका दिला आणि कार्ड मिटवलं.

सुरू केलं. मेमरी ९०. मी हरखलो. प्रोसेसर ८७.

पॅड अर्ध्या मिलिमीटरनं जाड होता. त्यानं वरचा धातू उचलून धरला होता आणि प्रोसेसरला तो नीट टेकतच नव्हता. दहा मजुरांची सोय करताना मालकाच्या डोक्यावरचं छप्पर उडालं होतं. दुसऱ्या दिवशी भाच्याचा व्हर्नियर आणून जुन्या पॅडचा न दबलेला कोपरा मोजला. दीड मिलिमीटर. पुन्हा सीताबर्डी, पुन्हा पंचा. या खेपेला प्रोसेसर ६१, मेमरी ९६.

सर्वांत मोठा गुण ज्या उपायानं दिला, तो मी सर्वांत शेवटी केला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. आफ्टरबर्नर या कार्डं आवरणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ७० टक्क्यांवर ओढली, म्हणजे ३२० वॅटचे २२४. प्रोसेसर नाहीतरी मेमरीची वाट बघत बसत होता. त्याला सावकाश बस म्हटलं, मेमरीचा वेग होता तसा ठेवला. ९८ मेगाहॅशचे ९६ झाले. मेमरीचा आकडा ८८ वर येऊन स्थिरावला आणि दोन कार्डांमिळून दिवसाला साडेचार युनिटांहून जास्त वीज वाचली. दोन टक्के वेगाच्या हव्यासापायी मी तीस टक्के वीज जाळत होतो. वर ती झळ काकूंच्या गॅलरीत नेण्यासाठी पंखे, पत्रे, कूलर आणि पॅड यांची वरात काढली होती. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीवरच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. त्यात मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च वजा धरता येत नाही, हेही स्पष्ट झालं. तेव्हापासून मी ती पट्टी आणखी थोडी खाली ओढून ठेवली.

पावसाळ्यात गिरणीला पुन्हा मान मिळाला. बायकोनं खोलीत आडवी दोरी बांधली. बाहेर तीन दिवस न वाळणारी जीन्स इथं एका रात्रीत कडक व्हायची. एकदा काकूही आपल्या नातवाची दुपटी घेऊन आल्या. पत्र्याच्या पडद्याचा विषय कुणी काढला नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास इथेरियमनं मायनिंगची पद्धतच सोडली. त्यामुळे त्या जाळ्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, असं सांगण्यात आलं. माझ्या खोलीत ते असं दिसलं: वेगाचा आकडा शून्य, वॅटचा आकडा घसरत गेलेला, मेमरीचं तापमान ८८ वरून ७०, ६०, ४५. बांधून ठेवलेले पंखे मी सोडले, तसे ते दमल्यासारखे एकेक करून थांबले. आई दारात आली. “दळण संपलं वाटतं?”

“संपलं.”

तिनं दोरीवरच्या टॉवेलला हात लावून पाहिला. तो ओलाच होता. उचलून ती हॉलमधल्या पंख्याखाली घेऊन गेली.