गाळानं राखलेला पडाव

मी संग्रहालयात लाकडी वस्तूंच्या संवर्धनाचं काम करते. एखादं बुडालेलं जहाज सापडल्याची बातमी आली की लोक विचारतात, ‘मग ते वर का काढत नाहीत?’ अशा वेळी मी आर्लच्या पडावाबद्दल सांगते.

आर्ल हे दक्षिण फ्रान्समधलं, ऱ्होन नदीकाठचं रोमन काळातलं गजबजलेलं बंदर. पुरातत्त्वज्ञ लुक लाँग आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून तिथे बुड्या मारत आले. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त, डोक्यावर बोटींची ये-जा. २००७ साली तिथे एक संगमरवरी मस्तक सापडलं. ते ज्युलियस सीझरचं, असं लाँग यांचं मत. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. जगभर गाजलं ते मस्तक. माझ्या लेखी मोठा शोध त्याआधीचा, २००४चा: इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, सपाट तळाचा, ३१ मीटर लांबीचा मालवाहू पडाव. दगड भरलेले असतानाच तो बुडाला होता.

अंगावर गाळ बसला, हवा पोचली नाही, त्यामुळे लाकूड खाणाऱ्या बुरशीचं फावलं नाही. खलाशांचा संसारही राहिला: रांजण कापून केलेली चूल, सरपण तोडायचा कोयता. नाळेकडच्या फळ्यांच्या सांध्यात तर चांदीचं नाणं होतं, बांधणाऱ्यांनी शुभ म्हणून ठेवलेलं.

असं लाकूड दिसायला धडधाकट, पण आतून पोखरलेलं असतं. पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात आणि आकार टिकतो तो आत भरलेल्या पाण्यामुळे. तसंच वाळू दिलं तर पाणी जाताना त्या भिंती आत ओढल्या जातात. लाकूड आक्रसतं, तडकतं, आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

म्हणून २०११ साली पडाव दहा भागांत कापून वर काढला आणि ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत नेला. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पाण्यात विरघळणारं, मेणासारखं द्रव्य लाकडात मुरवलं. मग लाकूड गोठवून निर्वात कक्षात ठेवलं. तिथे बर्फाची थेट वाफ होते, पाण्याचा ताण पेशींवर येत नाही. लोखंडी खिळ्यांची चिंता वेगळीच: लाकडात उतरलेली लोहाची संयुगं हवा लागली की आम्ल तयार करतात, आणि ते लाकूड खातं. २०१३ साली आर्लच्या संग्रहालयात खास वाढवलेल्या दालनात पडाव मांडला गेला. त्याची देखभाल मात्र कधीच संपणार नाही.

पाण्याखालच्या वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००१चा करार सांगतो, की पहिला विचार जागच्या जागी जपण्याचा करावा. मला ते पुरेपूर पटतं. सांभाळायची सोय नसेल तर वर काढणं म्हणजे नासवणं.

तुम्हाला नदीच्या गाळात जुनं घडीव लाकूड दिसलं, तर ते ओढून काढू नका, उन्हात ठेवू नका. आहे तिथेच गाळाखाली ओलं राहू द्या, जागेची खूण लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.