शेततळ्यांत माशांच्या पिलांचें संगोपन

राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा व आसपासच्या गांवांस भंडारदऱ्याचें पाणी प्रवरेच्या उजव्या कालव्यानें मिळतें. पाण्याची पाळी लांबली तरी उभें पीक वाळूं नये म्हणून अनेक बागाईतदारांनीं शेततळीं केलीं आहेत, व साठविलेल्या त्या पाण्यांत मासे वाढवावे असें पुष्कळांस वाटतें. वाढलेली मत्स्यबोटुकली विकत घेणें महाग पडतें. म्हणून लाखभर मत्स्यजिरें आणून तळ्यांत सोडण्यांत येतें, आणि पंधरवड्यानें जाळें ओढावें तों हातीं मूठभर पिलेंही लागत नाहींत. मग बियाण्यास दोष देण्यांत येतो. वास्तविक हीं पिलें बहुधा पहिल्या आठवड्यांतच उपासमारीनें किंवा पाणकिड्यांच्या तोंडीं पडून नाहींशीं झालेलीं असतात, व त्याचा बंदोबस्त पिलें आणण्यापूर्वींच करावा लागतो.

कटला, रोहू व मृगळ हे मासे सांचलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. पूर्वीं त्यांचें बीं पुराच्या वेळीं नद्यांतून धरीत, व त्यांत नको त्या जातींची भेसळ असे. १९५७ सालीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील पिट्युइटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त माशांकडून अंडीं घालविलीं. तेव्हांपासून शुद्ध बीं मिळण्याची वाट मोकळी झाली.

संगोपनासाठीं दोन ते पांच गुंठ्यांचें निराळें उथळ तळें असावें. पाणी तीन ते चार फूट पुरे. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खोल तळ्यांत पिलें एकदम सोडूं नयेत. तेथें तळच्या मातीपासून मिळणारें अन्न तयार होत नाहीं आणि जाळेंही नीट फिरत नाहीं. उन्हाळ्यांत तळें आटवून तळ भेगाळेपर्यंत वाळूं द्यावा. गुंठ्यास दोन ते तीन किलो चुना टाकावा. जमीन चुनखडीची असल्यास कमी पुरतो. कालव्याचें पाणी घेतांना तोंडाशीं बारीक कापड बांधावें, नाहींतर रानमासे व त्यांचीं अंडीं पाण्याबरोबर आंत येतात. तळें आटवितां येत नसेल तर मोहाची पेंड गुंठ्यास पंचवीस किलो या मानानें टाकल्यास रानमासे मरतात. मात्र त्या पेंडीचा विषारीपणा सुमारें तीन आठवडे टिकतो. तोंवर पिलें आणूं नयेत. पुढें तिचेंच खत होतें.

यानंतरचें काम खताचें. पिलें सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधीं गुंठ्यास साडेसात किलो भुईमुगाची पेंड, दोन किलो शेण व अर्धा किलो सुपर फॉस्फेट भिजवून केलेल्या काल्यापैकीं निम्मा काला पाण्यांत पसरावा. उरलेला पुढें दोन-तीन हप्त्यांनीं द्यावा. या खतावर पाण्यांत डोळ्यांस जेमतेम दिसणारे जीव वाढतात, व मत्स्यजिऱ्याचें पहिलें खरें अन्न तेंच होय. पन्नास लिटर पाणी अतिबारीक जाळीच्या कापडांतून गाळावें. एक ते दोन घन सेंटिमीटर जिवंत गाळ मिळाला म्हणजे तळें तयार झालें. ही गोष्ट केवळ माशांपुरती नाहीं. मेक्सिकोंतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत अक्सोलोटल नांवाचा चार पायांचा जलचर आहे; हौशी लोक त्याचीं शेंकडों पिलें घरीं वाढवितात. तींही आरंभीं हलणाऱ्या जिवंत भक्ष्याशिवाय कशासही तोंड लावीत नाहींत, व भुकेलीं राहिलीं म्हणजे एकमेकांचेच पाय तोडतात. आपल्याकडे मरळ व मांगूर यांचीं पिलें अशींच एकमेकांस खातात. सबब नवख्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये.

खतावर जसे उपयोगी जीव वाढतात तसे पाणभुंगेही येतात. त्यांसाठीं पिलें सोडण्यापूर्वीं बारा ते चोवीस तास, वारा पडला असतां, गुंठ्यास सुमारें अर्धा किलो हलकें खाद्यतेल व पावणेदोनशें ग्रॅम साबण यांचें मिश्रण शिंपडावें. श्वासासाठीं वर येणारे किडे त्या तवंगाखालीं गुदमरतात. चतुराचीं पिलें पाण्यांतच श्वास घेत असल्यामुळें या उपायास दाद देत नाहींत. तीं बारीक जाळ्यानेंच काढावीं.

मत्स्यजिरें सकाळीं अथवा सायंकाळीं सोडावें. पिशवी पंधरा-वीस मिनिटें तळ्यांत तरंगत ठेवावी, मग तळ्याचें पाणी थोडें थोडें तींत घालावें. गुंठ्यास तीस ते पन्नास हजारांहून अधिक जिरें नको. लोभानें दुप्पट सोडणाऱ्यास शेवटीं कमीच पिलें मिळतात. लाख जिऱ्यांस पहिले पांच दिवस रोज सहाशें ग्रॅम व पुढें बाराशें ग्रॅम, भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग, वस्त्रगाळ करून द्यावा. ढगाळ दिवसांत पहांटे तळ्यावर जाण्याची टाळाटाळ करूं नये. पिलें पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत असतील तर प्राणवायु कमी पडला असें समजून खत व खाद्य बंद करावें आणि ताजें पाणी उंचावरून सोडावें.

पंधरा ते वीस दिवसांत पिलें पाऊण ते एक इंच होतात. चांगल्या निगराणींतही शेंकडा तीस ते पन्नासच जगतात, हें हिशेब मांडतांनाच धरावें. जाळें ओढण्याच्या आदल्या दिवशीं खाद्य देऊं नये. पुढें गुंठ्यास दोन-तीन हजार याप्रमाणें विरळ केल्यास दोन-तीन महिन्यांत तीं तीन ते चार इंचांचीं होतात, आणि तेव्हांच तीं मोठ्या शेततळ्यांत सोडावीं.