टीव्हीचा आवाज कुणी वाढवला?

गुरुवार, दुपारचे अडीच. मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात ओपीडीची गर्दी ओसरली आहे. केसपेपरच्या खिडक्या बंद झाल्यात, मावशी लादी पुसतायत. दुसऱ्या मजल्यावर, व्यसनमुक्ती विभागाच्या मागच्या खोलीत सात पुरुष बसले आहेत. सातही जणांनी बायकोला मारलं आहे. दोघांना कोर्टाने पाठवलंय. बाकीचे दारू सोडायला आले आणि बोलता बोलता घरातली मारहाण बाहेर आली. कुणाची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, या अटीवर मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली आहे.

समुपदेशक पन्नाशीचे. सगळे त्यांना सर म्हणतात, ते सगळ्यांना दादा. फळ्यावर एक आडवी रेघ. एका टोकाला ‘संध्याकाळी ७’, दुसऱ्या टोकाला ‘रात्री १०’.

‘‘दादा, सातला घरी आलात. पुढे?’’

निळ्या शर्टातला माणूस मान खाली घालून बोलतो. ‘‘डोकं सटकलेलं होतं सर. दिवसभर धंदा नाही. त्यात तिने पैशांचा विषय काढला. मग काय झालं, माझं मलाच कळलं नाही.’’

‘‘कळलं नाही ते राहू दे. आठवतंय तेवढं सांगा.’’

तो आठवू लागतो, सर खडूने एकेक गोष्ट रेघेवर मांडत जातात. चप्पल काढली. पाणी प्यायलं. मुलाला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. दाराला कडी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला.

‘‘आवाज कुणी वाढवला?’’

‘‘मीच.’’

‘‘कशाला?’’

खोलीत फक्त पंख्याची घरघर. बऱ्याच वेळाने तो म्हणतो, ‘‘बाजूला ऐकू जाऊ नये म्हणून.’’

सर त्या शब्दांभोवती गोल करतात. आवाज चढलेला नाही. ‘‘आणि मोबाइल फुटला म्हणालात, तो कुणाचा?’’

‘‘तिचा.’’

‘‘तुमचा कुठे होता?’’

‘‘चार्जिंगला.’’

बाकीचे सहा जण फळ्याकडे बघतायत. एकाने हाताची घडी घट्ट केली आहे. माझ्या मते या दुपारचं सगळं काम या दोन उत्तरांत आहे. राग आवरत नाही म्हणून हात उचलला जातो, हे आपण सगळेच धरून चालतो. घरचे, पोलीस, डॉक्टरही. पण राग अनावर झालेल्या माणसाने मुलाला बाहेर पाठवलं, कडी लावली, आवाज वाढवला आणि स्वतःचा मोबाइल नीट ठेवला. ताबा त्याच्याकडे होता. त्याला तो तिच्यावर हवा होता.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं शहर आहे. मारणाऱ्या पुरुषांबरोबर काम करण्याची एक पद्धत तिथे १९८० च्या दशकात उभी राहिली. मार खाल्लेल्या बायकांच्या अनुभवांवरून तिथे एक चक्र तयार झालं: धमक्या, पैशांची नाकेबंदी, माहेरच्यांपासून तोडणं, मुलांना मध्ये घालणं, आणि मधोमध सत्ता आणि ताबा. या खोलीतल्या भिंतीवर त्या धर्तीचा, हाताने रंगवलेला मराठी तक्ता आहे. निळ्या शर्टातला कबूल करतो की न पिता घरी असतानाही तो तिचा मोबाइल तपासतो, भिशीचे पैसे काढून घेतो. दारू सुटली की मारणं सुटेल, या आशेवर किती बायका वर्षं काढतात! दारूचा उपचार हवाच, पण तेवढ्याने हे सुटत नाही.

दाढीवाला एक जण उसळतो. ‘‘सर, तिची जीभ कशी चालते ते पण लिहा की फळ्यावर!’’

सर भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. त्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट आहे की हिंसेचं समर्थन समुपदेशनात चालणार नाही, आणि हे त्या माणसाला आधीच सांगायचं. ‘‘दादा, तुमचं दुःख मी ऐकतो, कितीही वेळ. मारण्याचं कारण ऐकणार नाही.’’ दाढीवाला खाली बसतो. सर त्याला चहा देतात. अपमान करून पाठवलं तर त्याची वसुली घरी होते, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

साडेचारला मी खाली वैद्यकीय अधीक्षकांच्या केबिनमध्ये. कोर्टाने पाठवलेल्यांपैकी एक जण आधीच पोचला आहे. ‘‘मॅडम, सगळ्या मीटिंगा केल्या. सुधारलो असं लेटरहेडवर द्या ना, तारीख आहे.’’ मॅडम हजेरीचं पत्र देतात. तारखा आणि सही-शिक्का, बस्स. ‘सुधारला’ हा शब्द त्या लिहीत नाहीत. तो गेल्यावर मला म्हणतात, ‘‘तेवढ्या एका शब्दावर त्याच्या बायकोला परत त्या घरात पाठवतील.’’

मग त्या व्यवस्था समजावतात, आणि मला पटतं की उपचाराचा अर्धा भाग या टेबलावर ठरतो. बायकांची खोली तळमजल्यावर, अपघात विभागाला लागून. त्यांचे वार सोमवार आणि बुधवार. पुरुषांचा गुरुवार. जिने वेगळे. त्याचे समुपदेशक वेगळे, तिच्या ताई वेगळ्या. तिची फाइल वरच्या मजल्यावर जात नाही. ताई फोन करतात तो तिने दिलेल्या वेळी. भलत्याने उचलला तर काय बोलायचं, तेही ठरलेलं. वरच्या खोलीत कुणी धमकीची भाषा केली तर ती त्याच दिवशी तिच्यापर्यंत पोचते, आणि हे पुरुषांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. ती खाली जे बोलते ते वर कधीच जात नाही. गट चालतोय की नाही, हे हजेरीपटावरून ठरत नाही. ताईंच्या वहीत ती काय सांगते त्यावरून ठरतं.

सर कंत्राटी आहेत. कंत्राटाचं नूतनीकरण लांबलं की गट बंद पडतो आणि माणसं अर्ध्यातून घरी जातात. त्याची किंमत कोण मोजतं, हे मंजुरीच्या फाइलवर कधी लिहिलेलं नसतं, आणि मला याचा मनापासून संताप येतो.

बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हा कुठे ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईला रुग्णालय पुढचा प्रश्न विचारू लागलं. मारणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सुरुवात अजून तुरळकच आहे. आणि या उपचाराबद्दल खोटी आशा लावणं घातक. बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा कार्यक्रमांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परिणाम लहानच दिसला. काही पुरुष बदलतात, बरेच बदलत नाहीत, काही फक्त बोलायला शिकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. एवढ्या घरांसाठी लहान परिणामही सोडून देता येणार नाही, पण त्याच्या भरवशावर तिला एकटीला सोडताही येणार नाही.

म्हणून रुग्णालयं चालवणाऱ्या अधीक्षकांना आणि विश्वस्तांना एकच विनंती: पुरुषांचा गट जरूर सुरू करा, पण तळमजल्यावरच्या ताईंचं पद आधी भरा. ते रिकामं असेल, तर वरची खोली उघडू नका.