अडलेल्या स्कूटरची नाडीपरीक्षा

जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगास, आळेफाट्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बेल्हे हें मोठें बाजारगांव आहे. बैलांच्या बाजाराकरितां त्याची ख्याति आहे. अशा गांवीं आजहि एखाद्या घरीं जुनी चेतक स्कूटर जपून ठेवलेली असते. बाजाराची खेप, मुलांची शाळा, रात्रीं-अपरात्रीं दवाखाना, हें सारें एका गाडीवर चालणाऱ्या घरीं, इंजिनाचें काम करून आणलेली गाडीच सुरू होऊं नये, ह्यासारखा हिरमोड नाहीं. पैसा खर्च झाला, आणि गाडी मात्र अंगणांत उभी! मग इंजिन पुन्हां उकलण्याची भाषा निघते. वास्तविक तशी गरज क्वचितच पडते.

ही चेतक बजाज कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणली. तिचा वंश इटलींतील पियाज्जिओ कंपनीच्या १९४६ सालच्या व्हेस्पाशीं जाऊन मिळतो. त्याच नांवाची विजेवर चालणारी नवी गाडी आज विकली जाते. येथील विवेचन मात्र पेट्रोलवरील जुन्या टू-स्ट्रोक चेतकचें आहे.

इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, तें दाबून धरणारा सिलिंडर, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. ह्यांपैकीं एक नसली तर बाकीच्या दोन व्यर्थ. काम करण्यापूर्वीं नसलेला दोष कामानंतर उद्भवला, तर तो बहुधा जेथें हात लागला तेथेंच असतो. हें विसरून सर्व यंत्र धुंडाळणें म्हणजे काखेंत कळसा आणि गांवाला वळसा.

प्रथम सोप्या गोष्टी पाहाव्या. पेट्रोलचा कॉक उघडा आहे काय? टाकी परत बसवितांना नळी दुमडली काय? टाकींत दर लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घातलें आहे काय? ऑइल नसलें तरी गाडी सुरू होईल, पण नवा पिस्टन थोड्याच वेळांत जाम होईल. आणखी एक गोष्ट. इंजिन उतरविल्यावर धूळ आंत जाऊं नये म्हणून उघड्या तोंडांत फडक्याचा बोळा घालतात. तो तेथेंच विसरला गेला, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो.

नंतर पांच-सात किका मारून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोंचत नाहीं. कार्बोरेटरच्या जेटमध्यें कचरा अडकला असेल किंवा गास्केट चुकीचें बसलें असेल. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतें, पण पेटत नाहीं. अशा वेळीं किकांचा मारा वाढविल्यानें पेट्रोलच अधिक सांचतें. कॉक व स्विच बंद करून, प्लग बाहेरच ठेवून, कांहीं किका मारून आंतील पेट्रोल बाहेर जाऊं द्यावें. प्लग पुसून वाळवावा आणि त्याच्या टोकांतील अंतर सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावें.

आतां ठिणगीची परीक्षा. प्लग त्याच्या टोपींत बसवून, रबरी मुठीच्या पकडीनें धरून, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या धातूस टेकवावें व किक मारावी. मात्र प्लग त्याच्या छिद्रापासून चांगला दूर असावा; छिद्रांतून येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीनें भडकूं शकते. निळसर, कडकडणारी ठिणगी दिसली तर उत्तम. न दिसल्यास आधीं दुसरा प्लग लावून पाहावा. तरीहि ठिणगी नसेल, तर मॅग्नेट बसवितांना एखादी तार चेपून धातूस लागली आहे काय, तें पाहावें. जुन्या चेतकमध्यें पॉइंट असतात. त्यांची फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी.

पेट्रोल येतें, ठिणगीहि चांगली पडते, तरी गाडी फटकारते किंवा किक उलटी मारते, तर संशय वेळेचा धरावा. मॅग्नेटचें चाक दांड्यावर एका अर्धचंद्राकृति लहानशा चावीनें जागेवर राहतें. ती चावी तुटली किंवा बसवावयाची राहिली, तर चाक सरकतें आणि ठिणगी अवेळीं पडते. अवेळीं आलेल्या पावसासारखीच ती निरुपयोगी! ही चावी लहान व स्वस्त असते, परंतु तिच्याअभावीं संपूर्ण इंजिनास दोष लागतो.

शेवटीं दाब. स्विच बंद ठेवून प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबावा व दुसऱ्याकडून किक मारवावी; अंगठा जोरानें उचलला गेला पाहिजे. तसें न झाल्यास रिंगा, पिस्टनच्या माथ्यावरील बाणाची दिशा (ती एक्झॉस्टकडे असावी) किंवा सिलिंडरचें बसणें तपासावें लागतें, आणि तेव्हांच इंजिन उकलावें.

हा क्रम सांभाळला, तर मेस्त्रीपाशीं जाणारा मनुष्य “गाडी चालत नाहीं” एवढेंच सांगत नाहीं. “पेट्रोल येतें, ठिणगी आहे, दाबहि आहे; मॅग्नेटची चावी पाहा,” असें तो सांगूं शकतो. ह्या एका वाक्यानें पुन्हां इंजिन उकलण्याचा खर्च वांचतो, आणि उद्यांचा बाजारहि हुकत नाहीं.