श्वासातल्या रसायनांचा धोका कसा मोजतात?

भाईंदर स्टेशनबाहेरच्या टपरीवर सिगारेट उघड मिळते. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, लपूनछपून हाती पडते, कारण २०१९च्या केंद्रीय कायद्याने तिच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि साठ्यावर बंदी आहे. "व्हेपमध्ये कुठे धूर असतो?" असं घरातल्या मुलाने विचारलं, तर काय सांगायचं? विषशास्त्राचे अभ्यासक धोका चार पायऱ्यांनी काढतात. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: आत काय आहे? सिगारेटच्या धुरात ७,०००हून अधिक रसायनं असतात. त्यातली सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. व्हेपमध्ये काहीच जळत नाही, पण आतल्या द्रवातलं ग्लिसरीन तापतं आणि त्यातून अ‍ॅक्रोलिन तयार होऊ शकतो. कढईतलं तेल करपलं की डोळ्यांना झोंबतो तोच हा वायू. तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियमचे कणही येतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे खाण्याला चालणारा स्वाद श्वासालाही चालेल असं मानणं. पोटाची आणि फुफ्फुसाची परीक्षा वेगळी असते. शिवाय बंदी असलेल्या मालावरच्या लेबलवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी पायरी: किती मात्रा सोसते? अ‍ॅक्रोलिनसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने संदर्भपातळी ठरवली आहे. आयुष्यभर रोज श्वासात गेलं तरी अपाय संभवत नाही, अशी ही पातळी: एक घनमीटर हवेत ०.०२ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

तिसरी पायरी: प्रत्यक्षात आत किती जातं? एका सिगारेटमधून ५० मायक्रोग्रॅम अ‍ॅक्रोलिन मिळतो असं धरू. दिवसाला दहा सिगारेटी म्हणजे ५००. माणूस दिवसाला साधारण २० घनमीटर हवा घेतो, म्हणून घनमीटरमागे २५. इथेही फसगत होते. प्रयोगशाळेतलं यंत्र ठरावीक झुरके घेतं. निकोटीनची तलफ आलेला माणूस 'लाइट' सिगारेट जास्त खोल ओढतो. व्हेपमध्ये तर सिगारेटींसारखी मोजणीच नसते. झुरके दिवसभर चालू राहतात.

चौथी पायरी: भागाकार. २५ला ०.०२ने भागलं की १,२५० येतात. याचा अर्थ आजाराची शक्यता १,२५० पट असा घेऊ नये. सुरक्षित पातळी कधीच ओलांडली गेलीय, एवढंच हा आकडा सांगतो. आणि हा हिशेब हजारो रसायनांपैकी एकट्या अ‍ॅक्रोलिनचा आहे.

व्हेपमध्ये यातली बरीच रसायनं सिगारेटपेक्षा कमी भरतात, हे खरं. पण 'कमी' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. व्हेपचे दीर्घकालीन परिणाम कळायला अजून पुरेशी वर्षं उलटलेली नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक शेवटी. रसायनांची मात्रा घटली की धोका त्याच प्रमाणात घटेल असं वाटतं. २०१८च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं की दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा एकाच सिगारेटने येतो. म्हणून विसाच्या दोन केल्यावर थांबू नका, पूर्ण सोडा. त्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं.