वॅट भरपूर, तरी संगणक बंद

फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्री तपासणीत रुग्णाला छाती भरून श्वास घेऊन तो पूर्ण ताकदीने बाहेर फुंकावा लागतो. विश्वासार्ह नोंदीसाठी अशा किमान तीन चांगल्या फुंकरी लागतात. तिसऱ्या फुंकरीलाच संगणक बंद पडला तर? काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात हे वारंवार होई. धापा टाकणाऱ्या आजोबांना 'पुन्हा एकदा फुंका' म्हणताना जीभ जड व्हायची.

तो संगणक अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरचा, 2002 च्या सुमाराचा. तपासणीचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नव्हते. त्यामुळे संगणकाबरोबर धडधाकट यंत्रही निर्लेखित करायची वेळ आली होती. दोष एसएमपीएसमध्ये असावा, असे निदान झाले. भिंतीवरच्या 230 व्होल्टपासून संगणकाला लागणारा कमी व्होल्टेजचा डीसी पुरवठा तयार करणारा हा डबा. जुना 300 वॅटचा होता, आम्ही 450 वॅटचा नवा बसवला. दुखणे तसेच राहिले.

कोलेस्टेरॉलच्या अहवालात आम्ही नुसता एकूण आकडा पाहत नाही. एलडीएल किती, एचडीएल किती, हे पाहतो. एसएमपीएसचेही तसेच आहे. त्यातून मुख्यतः 3.3, 5 आणि 12 व्होल्टचे वेगवेगळे पुरवठे निघतात. आजचे प्रोसेसर 12 व्होल्टवर चालणाऱ्या व्यवस्थेतून वीज घेतात, म्हणून नव्या एसएमपीएसची बहुतेक ताकद तिथेच असते. त्या काळातले अनेक मदरबोर्ड मात्र प्रोसेसरसाठी 5 व्होल्टची वीज वापरत.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसरला 60 वॅट लागत असतील, तर 5 व्होल्टवर 12 अँपिअर होतात. रूपांतरणातली घट धरली की सुमारे 15. आमच्या नव्या डब्याच्या लेबलवर 5 व्होल्टसमोर 15 अँपिअर हीच कमाल मर्यादा छापलेली होती. मेमरी आणि हार्ड डिस्कसाठी उरले काय? शेवटी 5 व्होल्टवर 28 अँपिअर देणारा, एकूण वॅट कमी असलेला एसएमपीएस मिळाला आणि संगणक स्थिरावला.

घरात किंवा दुकानात असा जुना संगणक असेल, तर खरेदीपूर्वी जुन्या आणि नव्या डब्यांची लेबले शेजारी ठेवून प्रत्येक व्होल्टेजसमोरचे अँपिअर जुळवावेत. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळ चार पिनांचे वेगळे सॉकेट नसेल, तर तो 5 व्होल्टवर विसंबून असण्याची शक्यता जास्त. मुख्य जोडणी 20 पिनांची असल्यास 24 पैकी चार पिना सुट्या होणारा प्लग घ्यावा. मात्र काही मोठ्या कंपन्यांच्या जुन्या संगणकांत प्लग दिसायला तसाच असूनही तारांचा क्रम वेगळा असे. तिथे चुकीची जोडणी मदरबोर्ड जाळू शकते. डब्यामागे 115/230 असे बटण असेल, तर ते 230 वर असल्याची खात्री करावी.

आता डॉक्टर म्हणून दोन सूचना. एसएमपीएस स्वतः उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. असा धक्का जीव घेऊ शकतो. दुसरे म्हणजे, तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही मोडू नये. संगणक रुग्णाला जोडलेल्या यंत्राचा असेल, तर एसएमपीएस बदलल्यावर अर्थिंग आणि गळणारा विद्युतप्रवाह बायोमेडिकल इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय तो वापरू नये. आम्हीही तशी तपासणी करून घेतली आणि मगच पुढच्या रुग्णाला आत बोलावले.