सीपॅप यंत्राचे घड्याळ चुकले, की झोपेचा आलेखही चुकतो

नवी दिल्ली : निद्राश्वासरोध म्हणजेच स्लीप ॲप्निया या विकारावरील सीपॅप यंत्र रात्रभराच्या श्वसनाची नोंद मेमरी कार्डावर ठेवते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके वेगळे नोंदवतो. दोन्ही नोंदी संगणकावर एकाखाली एक मांडल्या, की श्वास केव्हा थांबला आणि त्यापायी ऑक्सिजन किती उतरला हे कळावे, अशी अपेक्षा असते. मात्र ही उपकरणे आपापल्या घड्याळावर चालतात आणि ती घड्याळे क्वचितच जुळतात.

अशा घड्याळांत बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झ स्फटिक असतो. त्यात दहा लाखांमागे २० भागांची चूक सर्वसाधारण मानली जाते. हिशेब केल्यास ती दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांहून अधिक भरते. स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. त्याहून फार उष्ण किंवा फार थंड खोलीत तो मंदावतो. मोबाइल जाळ्यावरून वेळ घेणाऱ्या यंत्रांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

मिनिटभराच्या फरकाने काय बिघडते? किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो श्वासरोध गणला जातो. तासाला ३० किंवा त्याहून अधिक प्रसंग हा विकाराचा तीव्र टप्पा. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एक, आणि प्रत्यक्षात ते अनेकदा याहून दाटीने येतात. अशा वेळी मिनिटभर सरकलेला आलेख विस्कळीत दिसत नाही, उलट व्यवस्थित जुळल्यासारखा भासतो. एका प्रसंगाची घट दुसऱ्याच्या नावे जमा होते, इतकेच. तासागणिक प्रसंगांची संख्या मात्र बदलत नाही. ती एकट्या सीपॅपच्या नोंदीतून निघते.

ऑक्सिजनची दरी श्वासरोधाच्या अगदी खाली ओढून नोंदी ‘जुळवण्या’चा मोह अनेकांना होतो. तो चुकीचा आहे. फुप्फुसातील बदल रक्तावाटे बोटापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी दाखवतो, त्यामुळे घट साधारण अर्ध्या मिनिटाने उशिरा दिसणे स्वाभाविकच आहे. जुळवायची असतात ती घड्याळे, आलेख नव्हेत.

त्यासाठी एकच प्रमाण वेळ धरावी. इंटरनेटवरून वेळ घेणारा मोबाइल त्यास पुरेसा आहे. देशाची प्रमाणवेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. यंत्राची तफावत एकदा मोजून भागत नाही, कारण ती वाढत जाते. समजा, आज यंत्र ४० सेकंद पुढे आहे आणि ३० दिवसांनी १०० सेकंद पुढे आढळले. वाढ ६० सेकंदांची, म्हणजे दिवसाला दोन. मग दहाव्या दिवसाच्या नोंदींतून ६० सेकंद वजा करावेत. ऑक्सिमीटरचेही असेच मोजमाप घ्यावे.

‘ऑस्कर’ या विनामूल्य प्रणालीत सीपॅपच्या घड्याळाची तफावत सेकंदांत भरण्याची सोय आहे. पण एकच आकडा सहा महिन्यांच्या नोंदींना लावल्यास जुन्या रात्री पुन्हा चुकतात. फरक नेमका साडेपाच तासांचा निघाला, तर दोष स्फटिकाचा नसतो. जागतिक वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांची गल्लत झालेली असते.

दुरुस्तीपूर्वी कार्डावरील मूळ नोंदींची प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. यंत्राचेच घड्याळ बदलायचे असेल तर ते दिवसा बदलावे, कारण झोपेच्या मध्यावर ते मागे नेल्यास एकाच वेळेच्या दोन नोंदी तयार होऊ शकतात. बदलाची तारीख आणि सेकंद लिहून ठेवून तो कागद डॉक्टरांना अहवालासोबत द्यावा: त्या तारखेआधीच्या नोंदींना जुनीच दुरुस्ती लागू राहते, नंतरच्या नोंदींची मोजणी नव्याने सुरू होते.